रात्रपाळीच्या लेकीला

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा पाळीवरून येताना वाकडच्या सिग्नलला गाडीवर तुला डुलकी लागली, हे तुझ्या आईकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

एसटीचं स्टेअरिंग आयुष्यभर धरलंय, डुलकी काय असते ते मला ठाऊक आहे. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. साठच्या वेगातली गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. कुंभार्ली घाटात तेवढ्यात वळण येऊन गेलेलं असतं. वारा घेऊन, गाणी लावून, चहा पिऊन झोप उडत नाही, जरा पुढं ढकलली जाते एवढंच. डोळा जड झाला तर निघूच नकोस. ऑफिसातच वीस मिनिटं पड, तोंड धू, मग नीघ. कंपनीची कॅब मिळत असेल तर तीच घे.

बरं, झोपेचं पुरे. जेवणाचं बघ. रात्री दोनला ते नूडल्स नकोत. निघण्याआधी भाकरी-भाजी पोटभर खा, मध्ये मूठभर फुटाणे. रोज अर्धा तास चाल. कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्यातच संपव. त्यातलं अर्धं कॅफीन पाच-सहा तासांनीसुद्धा अंगात असतं, मग सकाळी तू अंथरुणात तळमळतेस. परत तिथंच आलो बघ. सात तास तरी झोप गं. खिडकीचा जाड पडदा आई शिवतेय, माप पाठव.

माझी चिपळूणची मुक्कामी असायची तेव्हा परत आल्यावर मी दुपारी पडायचो, आणि तू दारात ठाण मांडून पोरांना दटावायचीस, "आप्पा झोपलेत, त्यांना परत गाडी न्यायचीय!" एवढीशी होतीस. आक्काचा पिंट्यासुद्धा तुला टरकायचा. आता तुझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, हे मी डेपोतल्या जुन्या लोकांना अजून सांगत असतो.

नानाचं झालं तेव्हा तू दहावीत होतीस, तुला सगळं सांगितलं नव्हतं. तोही म्हणाला होता, थोडंच राहिलंय, घरी जाऊनच झोपतो.

आई म्हणते, हल्ली तू पटकन रडतेस. झोप अपुरी पडली की तसंही होतं. पण तेवढंच नसेल तर मनात ठेवू नकोस. आम्हाला सांगणं जड जात असेल तर १४४१६ लाव, सरकारचं टेली-मानस आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

फार शिकवलं, राग मानू नकोस. नोकरी सोड असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही.

यात्रेला येशील तेव्हा पाळी संपवून तशीच गाडीवर निघू नकोस. आधी झोप काढ, मग स्वारगेटला एसटी धर. खिडकीची जागा मिळाली नाही तरी चालेल. बसलीस की फोन कर.

तुझे,
आप्पा