डायलिसिसवर क्रिएटिनिन उतरले, तर खूश होऊ नका

महोदय,

दर मार्चमध्ये जागतिक मूत्रपिंड दिनाच्या निमित्ताने क्रिएटिनिनविषयी (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) भरपूर छापून येते. किडनी निकामी होत असताना तो आकडा महत्त्वाचा असतोच. पण डायलिसिस सुरू झाल्यावर त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो, आणि हे पेशंटच्या घरी सहसा कोणी सांगत नाही. क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. डायलिसिसचे तास, मशीन, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेली रक्तवाहिनी) सगळे तेच असताना ते काही महिन्यांत 9 वरून 7 आणि 7 वरून 5.5 वर आले, तर बहुधा पेशंटचे मांस झडते आहे. (लघवी वाढून किडनी सावरत असेल तर गोष्ट वेगळी, चोवीस तासांची लघवी मोजली की ते कळते.) घरचे मात्र 'रिपोर्ट सुधारला' म्हणून निश्चिंत होतात.

मृत्यूचा धोका ओळखायला सर्वांत उपयोगी आकडा दुसराच आहे आणि तो स्वस्तही आहे: अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील मुख्य प्रथिन. 1990 मध्ये अमेरिकेत लॉरी आणि ल्यू यांनी बारा हजारांहून अधिक हिमोडायलिसिस पेशंटांच्या नेहमीच्या रक्ततपासण्या मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या तपासण्यांमध्ये मृत्यूशी सर्वांत घट्ट संबंध अल्ब्युमिनचा निघाला. डेसिलिटरमागे 4 ग्रॅमच्या खाली धोका वाढू लागतो आणि 3.5 च्या खाली तो बराच चढतो. पुढे कितीतरी देशांत हेच दिसले. तरी लॅबच्या कागदावर 3.5 हा आकडा 'नॉर्मल' म्हणून छापला जातो आणि पान उलटले जाते.

अल्ब्युमिन उतरते का, हा खरा प्रश्न. त्याच वेळी सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारे प्रथिन) मोजले तर उत्तराची दिशा मिळते. सीआरपी एक-दोन दिवसांत वरखाली होते. अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य सुमारे तीन आठवडे, म्हणून ते मागच्या महिन्याची हकीकत सांगते. सीआरपी महिनोन्‌महिने वर आणि अल्ब्युमिन खाली, अशी जोडी दिसली की शरीरात कुठेतरी दाह धुमसतो आहे असे समजून शोध घ्यावा. सर्वांत आधी मानेतला कॅथेटर (डायलिसिसची नळी) पाहावा: तोंडाशी लाली, पू, डायलिसिस सुरू होताच थंडी वाजणे. मग हिरड्या आणि किडलेले दात, मधुमेहींच्या तळपायाच्या जखमा, बंद पडून हातातच राहिलेला जुना ग्राफ्ट (डायलिसिससाठी बसवलेली कृत्रिम नळी). आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. डायलिसिसच्या पेशंटमध्ये तो फुप्फुसाबाहेर, गाठींत किंवा पोटात, असण्याचे प्रमाण मोठे असते. खोकला नसतो, नुसता संध्याकाळचा कणकण ताप, तुटलेली भूक आणि उतरणारे अल्ब्युमिन.

सीआरपी ठीक आणि अल्ब्युमिन कमी असेल तर आधी ताट पाहावे. डायलिसिसपूर्वीच्या काळात डॉक्टरांनी प्रथिने कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ते पथ्य उठते, पण घरात वर्षानुवर्षे तेच चालू राहते: डाळीचे नुसते पाणी, दूध बंद, अंडे बंद. खरे तर आता दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 55 किलोच्या माणसाला 55 ते 66 ग्रॅम. शिवाय प्रत्येक डायलिसिसमध्ये 6 ते 8 ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. दोन अंड्यांच्या पांढऱ्यातून सुमारे 7 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यात डायलिसिसवर अंगात साचणारा फॉस्फरस नगण्य असतो. म्हणून अंडी खाणाऱ्याला हा पांढरा भाग सर्वांत सोयीचा. शाकाहारी घरात डाळ, दही, पनीर यांचे माप आहारतज्ज्ञाकडून पोटॅशियम-फॉस्फरसच्या हिशेबाने बसवून घ्यावे लागते, आणि ते बसते.

तिसरे कारण पाणी. अंगात जास्तीचे पाणी असले की अल्ब्युमिन पातळ होऊन कमी दिसते. इथे एक फसवी गोष्ट घडते. मांस झडते, त्याच्या जागी पाणी भरते आणि काट्यावर वजन तेच राहते. ड्राय वेट (जास्तीचे पाणी काढल्यावरचे वजन) तीन महिन्यांपूर्वीचेच लिहिलेले असते. क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन खाली, बीपी वर, रात्री आडवे झाले की दम, असे चित्र असेल तर ड्राय वेट नव्याने ठरवायला हवे. तेही हळूहळू, कारण तासाला किलोमागे 13 मिलिलिटरहून वेगाने पाणी काढणाऱ्या गटांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले आहे.

यातले काहीही न पाहता महागड्या अल्ब्युमिनच्या बाटल्या आणायला सांगणे आम्हाला पटत नाही. 20 टक्क्यांची 100 मिलिलिटरची बाटली म्हणजे 20 ग्रॅम. आकडा काही दिवस वर जातो आणि कारण जागच्या जागी राहते. आकडा दुरुस्त केला म्हणजे माणूस वाचला, हा समज मोठ्या चाचण्यांनी आधीच मोडून काढला आहे. कमी हिमोग्लोबिन धोक्याचे आहे, म्हणून हृदयरोग असलेल्या 1233 डायलिसिस पेशंटांपैकी एका गटाचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) इंजेक्शनांनी 42 टक्क्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. फायदा तर दिसेना, उलट त्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ते निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉलचे तर उफराटेच आहे. डायलिसिसवर ते फार कमी असणे हेच बहुधा उपासमारीचे किंवा दाहाचे लक्षण असते, आणि 2005 व 2009 च्या दोन मोठ्या चाचण्यांत स्टॅटिन गोळ्यांनी कोलेस्टेरॉल उतरवूनही ठरलेल्या मुख्य निकषावर ठोस फायदा दिसला नाही.

हे सगळे आकडे नमुना नीट घेतला तरच खरे. रक्त डायलिसिसआधी घ्यावे, सुईत सलाइन वा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) जाण्यापूर्वी. कॅथेटर असेल तर आतले हेपॅरिन आणि पहिले 10 मिलिलिटर रक्त बाजूला काढून मग. डायलिसिसनंतरचा युरियाचा नमुना (डायलिसिस किती चांगले झाले ते यावरून कळते) मशीनचा पंप मिनिटाला 100 मिलिलिटरवर आणून 15 सेकंदांनी घ्यावा. घाईत पंप न उतरवता घेतला, तर नुकतेच धुतलेले रक्त नळीत येऊ शकते आणि डायलिसिस आहे त्याहून चांगले झाल्याचे दिसते. नमुना दर महिन्याला त्याच वारी घ्यावा. लांब खंडानंतरचे (आठवड्यातील दोन दिवसांच्या सुटीनंतरचे) पोटॅशियम-फॉस्फरस आणि मधल्या वाराचे यांची तुलना होत नाही. लॅबही एकच ठेवावी: अल्ब्युमिन मोजण्याच्या ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि पर्पल या दोन पद्धतींत डायलिसिस पेशंटमध्ये साधारण अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो, ग्रीनने जास्त येते. लॅब बदलली आणि 3.8 चे 3.3 झाले, तर घाबरण्याआधी पद्धत विचारावी.

पोटॅशियम साचवणाऱ्या या लांब खंडाबद्दल आणखी एक. 2011 मध्ये 32,065 अमेरिकी पेशंटांच्या अभ्यासात दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर शंभर व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे शंभर जणांच्या एका वर्षामागे) 22.1 आणि इतर दिवशी 18 आढळले. ते लोक आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे होते. आपल्याकडे दोनदाच घेणारे पुष्कळ, म्हणजे खंड याहून लांब. ठरलेली एक पाळी चुकवणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

आणि तरीही कोणत्याही आकड्यावरून 'किती महिने' हे सांगता येत नाही. हे धोके गटाचे असतात. सहा महिन्यांतील मृत्यूचा अंदाज बांधणारे 2010 चे एक अमेरिकी सूत्र पाच गोष्टींवर चालते: वय, स्मृतिभ्रंश, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, अल्ब्युमिन आणि 'हा पेशंट सहा महिन्यांत गेला तर मला आश्चर्य वाटेल का?' हा डॉक्टरने स्वतःला विचारायचा प्रश्न. पाचांत रक्ताची तपासणी एकच. धोका दाखवणाऱ्या नवनव्या मार्करांच्या (रक्तघटकांच्या) महाग पॅकेजांपुढे हे ध्यानात ठेवावे. अपवाद ट्रोपोनिनचा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक): डायलिसिसवर तो हृदयविकाराचा झटका नसतानाही वाढलेला असतो, म्हणून हृदयरोग्याची तब्येत स्थिर असताना एकदा मोजून फाइलला लावावा. रात्री छातीत दुखून आल्यावर तुलनेला तो कामी येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत होते. त्या केंद्रांमध्ये पेशंटच्या हातातील कार्डावर शेवटच्या सहा महिन्यांचे अल्ब्युमिन, डायलिसिसआधीचे क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि ड्राय वेट एकाच ओळीत, तारखेसह लिहिणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे. सीआरपी निदान तीन महिन्यांतून एकदा. याला यंत्र लागत नाही, एक छापील तक्ता पुरतो.

— डायलिसिस विभागातील तंत्रज्ञ व आहारतज्ज्ञ, सांगली