इंजिन बदलण्याआधी क्राऊन-पिनियनचे दात मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जीप आणि ॲम्बेसेडरमध्ये दुसरे इंजिन टाकावे की नाही, यावरून आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस चांगलीच जुंपली आहे. एक पक्ष म्हणतो मूळ इंजिनाला हात लावू नये, दुसरा म्हणतो डिझेल टाका आणि निवांत गोवा गाठा. मध्येच सायकलवाल्यांनी उडी घेऊन बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या कणकुंबी-चोर्ल्याच्या घाटातल्या चढाचे अनुभव लिहिले. वाद वाचायला मजा येते, पण सगळे जण बोलतात ते ताकदीबद्दल. ती ताकद चाकापर्यंत कोणत्या गिअरमधून पोहोचते आणि उताराला गाडी थांबते कशी, यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. आम्हा काही जणांचे हात रोज ग्रीसमध्ये असतात, म्हणून हे पत्र.

पेट्रोल जीपचे उदाहरण घेऊ. जुन्या सीजे-३बी जातीच्या जीपला २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि मागे ४३ व ८ दातांचे क्राऊन-पिनियन (मागच्या आसातली, ताकद चाकांकडे वळवणारी दात्यांची जोडी), म्हणजे ५.३८ चे गुणोत्तर: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. १६ इंची रिमवरचा बारीक टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. टॉप गिअर सरळ, १:१, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात. आता ताशी ८० किलोमीटर धरा. चाक मिनिटाला ५९० च्या आसपास फिरते आणि इंजिन ३२०० च्या. पेट्रोल इंजिनाला हे चालून जाते. त्याच जागी जुन्या पद्धतीचे डिझेल टाकले की ३२०० वर ते किंचाळायला लागते, धूर वाढतो, आणि मालक म्हणतो ‘इंजिन चांगले लागले नाही’. इंजिनाचा दोष नसतो. त्याची खरी ओढ दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असते आणि मागचे दात त्याला तिथे राहूच देत नाहीत. गुणोत्तर चारच्या जवळ आणले तर तेच ८० किलोमीटर २४०० फेऱ्यांच्या आत मिळतात.

फोर-व्हीलमध्ये मात्र इथेच मोठी फसगत होते. मागचे क्राऊन-पिनियन बदलले आणि पुढचे तसेच ठेवले, तर फोर-व्हील लावल्याबरोबर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात. चिखलात चाक घसरून जाते म्हणून लगेच कळत नाही. कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) कडाडकन आवाज येतो आणि लिव्हर अडकून बसतो. बदलायचे तर पुढचे-मागचे दोन्ही क्राऊन-पिनियन एकाच गुणोत्तराचे करा. स्पीडोमीटरही तेव्हापासून खोटे बोलतो, तोही जुळवून घ्या.

कंपन्या हे काम कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. ॲम्बेसेडरला १४८९ सीसीच्या जागी इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन दिले तेव्हा त्याच्याबरोबर पाच गिअरचा बॉक्सही दिला. आपल्याकडे जुन्या बाजारातून नुसते इंजिन उचलून आणतात, जुन्या बॉक्सला चिकटवतात आणि वर्षभर बेअरिंग बदलत बसतात.

चिकटवतात हा शब्द जाणूनबुजून लिहिला. इंजिन आणि क्लच हौसिंग (क्लचभोवतीचे ओतीव कवच) यांच्यामध्ये येणारी अ‍ॅडाप्टर प्लेट हे या सगळ्या उद्योगातले सर्वात नाजूक काम, आणि तीच सर्वात हलगर्जीपणाने होते. गॅस कटरने पत्रा कापायचा, बोल्टची भोके अंदाजाने पाडायची, बोल्ट आवळले की झाले. बोल्टच्या भोकात अर्धा-एक मिलिमीटर मोकळीक असतेच, त्यामुळे बोल्ट हौसिंगला केंद्रात धरू शकत नाही. ते काम डॉवेल पिनांचे, म्हणजे भोकात घट्ट बसून जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांचे. रीत अशी: क्लच प्लेट काढून ठेवा. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागचे जड चाक) चुंबकाच्या पायाचा डायल, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे घड्याळ, बसवा आणि काटा हौसिंगच्या त्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, जिथे गिअरबॉक्सचा कॉलर बसतो. डिझेलचे ग्लो प्लग काढा म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही. मग क्रँक हाताने सावकाश पूर्ण फिरवा. डायल एका फेऱ्यात पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर बोल्ट सैल करून हौसिंग लाकडी हातोड्याने हलकेच सरकवा, पुन्हा मोजा. मापात आल्यावर सगळे आवळून ठेवा आणि तशाच अवस्थेत प्लेट व हौसिंग एकत्र ड्रिल करून, रीमर फिरवून दोन डॉवेल ठोका. हौसिंगचे तोंडही सपाट आहे का, ते डायलचा काटा तोंडावर टेकवून बघा.

हे टाळले की काय होते? गाडी न्यूट्रलला असताना कुईकुई आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो. काही महिन्यांत पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारी कडी) अंडाकृती होते, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा सैल होतात, आणि चढावर ऐन जोर लावल्यावर टॉप गिअर आपोआप सुटतो. मग बॉक्स उघडून नवे गिअर घातले जातात. मूळ दुखणे प्लेटचे! उद्यमबागेत अचूक बोअरिंग करणारी मशीन आहेत, ओतीव कामासाठी आपले शहर ओळखले जाते, तरी गॅस कटरची प्लेट लावून घाट चढायचा, याला काय म्हणावे?

क्लच प्लेट घेतानाही डोके शांत ठेवा. तिच्या मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळायला हवेत आणि बाहेरचा व्यास नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला. दुकानात दोन्ही घेऊन जा. प्रोपेलर शाफ्टची लांबी नव्याने मोजा, दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन अंशभराच्या फरकात ठेवा. नाहीतर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि लोक उगाच चाकांचा बॅलन्स करत फिरतात.

आता ब्रेक, कारण इथे जीव जातो. पेट्रोल इंजिन मॅनिफोल्डमधून हवा ओढते, त्या पोकळीवर ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा डबा, चालतो. साध्या डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून तशी पोकळी नाही. तिच्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुतेक वेळा ऑल्टरनेटरच्या मागे बसवलेला. बूस्टरच्या गाडीत डिझेल टाकून पंप विसरला तर सपाटीवर पाय जरा जड वाटतो एवढेच, आणि चोर्ल्याच्या उताराला ब्रेकवर उभे राहूनही गाडी थांबत नाही. पंपाला इंजिनातून ऑइल येते आणि परत चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) जाते. परतीची नळी पिचलेली असेल तर पंप खलास. तपासणी फुकटात होते. इंजिन बंद करून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसेच दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल इंचभर खाली गेले तर बूस्टर ठीक, नाही गेले तर गाडी बाहेर काढू नका.

दीड टन वजनाची जीप सात टक्के उतारावर ताशी ३० ने सोडली, तर रस्त्याचे घर्षण वजा जाता सुमारे साडेसहा किलोवॅट उष्णता सतत कुठेतरी जिरवावी लागते. ती इंजिनाने घ्यायची, ब्रेकच्या ड्रमने नव्हे. क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर चारच्या जवळ आणल्यावर पूर्वी जो घाट तिसऱ्यात उतरत होता, तो आता दुसऱ्यात उतरावा लागेल, हे चालवणाऱ्याला सांगून ठेवा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ जातीचे ऑइल नवे असताना २०५ अंशांना उकळते, पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास. आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते दर वर्षी बदलले तर पैसे वाया जात नाहीत.

पाणी उकळण्याची तक्रार तर सर्वांचीच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, उघड्या भांड्यात पाणी इथे ९७-९८ अंशांनाच उकळते. म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरणारेच हवे. निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी. घाटात गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून वारा नाही, सगळे पंख्यावर. पंख्याभोवती पत्र्याचा घेर नसेल तर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. आणि मेस्त्री मंडळींना हात जोडून विनंती: थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकू नका. कित्येक इंजिनांत तो नसला की बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरते आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

जिप्सीत एस्टीमचे १६ व्हॉल्व्हचे इंजिन टाकणाऱ्यांना थोडक्यात: जिप्सी किंगचे आणि एस्टीमचे इंजिन दोन्ही १२९८ सीसीची, पण एस्टीममध्ये इंजिन आडवे असते आणि जिप्सीत गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणून चेंबर, फाउंडेशनचे (इंजिन चेसीला धरणारे) ब्रॅकेट, मॅनिफोल्ड आधी शेजारी ठेवून जुळवा. कार्ब्युरेटरची रबरी नळी एमपीएफआयच्या (दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेच्या) दाबाला टिकत नाही, जास्त दाबाचीच घ्या. टाकीला परतीची नळी हवी. बॉडी आणि इंजिन यांच्यातली अर्थिंगची पट्टी विसरलात तर सेल्फचा करंट क्लच केबलमधून जातो आणि ती जळते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, त्यातले काही आपल्याच उसाचे असेल, पण जुन्या रबराला त्याचे कौतुक नाही. नळ्या सगळ्या नव्या घाला.

कागदाचा विषय कुणीच काढला नाही, तेव्हा तोही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. परवानगीशिवाय बदलले असेल तर १४ दिवसांत कळवायचे. इंधन बदलायला मान्यताप्राप्त किटचीच वाट आहे. कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पेट्रोलची जीप डिझेल करण्याची जी हौस या सदरात मिरवली जाते, ती बहुतेक वेळा कायद्यात बसत नाही. आम्ही वर मापे दिली ती आधीच बदललेल्या गाड्या रस्त्यावर आहेत म्हणून. आपल्या भागात तर गाडी केए-२२ (बेळगाव) ची, मालक महाराष्ट्रातल्या चंदगडचा आणि मेस्त्री तिसरीकडचा असे सर्रास असते. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्या वेळी तपासणीत इंजिन नंबर जुळला नाही की फाइल तिथेच अडते. इंजिन विकत घेताना त्याची पावती आणि ज्या गाडीतून निघाले तिची कागदपत्रे मागा. नंबर घासून नवा पंच मारून देणाऱ्याच्या दारातही उभे राहू नका.

सायकलवाल्यांचेही तेच. घाट चढताना पाय भरून येतात, म्हणून महागडी हलकी सायकल घेतात. मागे मात्र ११-२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ९० किलो धरा, चढ सात टक्के. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर मिनिटाला ६० पेडलला वेग ९ किलोमीटर आणि मेहनत सुमारे १७५ वॅट. मागे ३४ दातांची चकती लावली तर त्याच ६० पेडलला साडेसात किलोमीटर आणि १४५ वॅट. नवख्या माणसाला तासभर टिकणारा आणि गुडघा दुखवणारा चढ यांतला फरक एवढाच आहे. दोन किलो वजन कमी करून यातले चार वॅटही वाचत नाहीत. कॅसेट घेण्याआधी मागचा डिरेल्युअर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ती पेलतो का बघा: पुढच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक आणि मागच्या मोठ्या-लहानातला फरक यांची बेरीज करा. ५०-३४ आणि ११-३४ ला ती ३९ येते. छोट्या केजचा (खालच्या लहान पिंजऱ्याचा) डिरेल्युअर एवढी साखळी ओढून धरत नाही. साखळीही लांब लागेल. जुनीच ठेवून पुढे आणि मागे दोन्हीकडे मोठी चकती लावली तर हँगर (डिरेल्युअर ज्याला लटकतो तो फ्रेमचा कान) वाकतो, कधी तुटतोच.

सायकलला मोटरचे किट लावणे हा तर सरळ इंजिन बदलण्याचाच प्रकार. मोटर २५० वॅटच्या आत आणि मदत ताशी २५ ला बंद होत असेल तर ती सायकल राहते. हजार वॅटचे किट लावले की ती नंबर नसलेली, विमा नसलेली मोटारगाडी झाली. चाकातली मोटर घाटात सात-आठच्या वेगाने रेटली तर तिची बरीचशी वीज उष्णतेत जाते, आतली वायर वितळते. घाटाला मोटर पेडलच्या जागी हवी, म्हणजे तिलाही सायकलचे गिअर मिळतात. चाकातलीच घ्यायची असेल तर पुढच्या ॲल्युमिनियमच्या फोर्कला कदापि लावू नका. मागे लावा आणि आसाच्या चपट्या बाजूंना धरणारा स्टीलचा टॉर्क आर्म फ्रेमला बोल्टने बांधा, कारण नट कितीही आवळला तरी चढावरच्या जोराने आस खाचेत फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निखळते.

कळावे,
जुन्या गाड्या व सायकली दुरुस्त करणारे काही वाचक,
शहापूर, बेळगाव