पैसे फेडले, तरी डाग का?

महोदय,
सियागंजात किराण्याचं दुकान चालवणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांना चेक न वटल्याच्या खटल्यात शिक्षा झाली. रक्कम १८ हजारांची. समोरच्याची पै न पै त्यांनी चुकती केली, दंडही भरला. पुढे दुकान बंद पडलं. आता गोदामात नोकरीसाठी अर्ज भरताना ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यापाशी त्यांचा हात अडतो. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिलं की बोलावणं येत नाही.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. वेळेत तडजोड झाली तर सुटका होते. पण शिक्षा कायम झाली की पैसे फेडूनही नोंद पुसायची सरळ सोय नाही. अल्पवयीनांच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट करायची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. मग छोट्या रकमेच्या, पहिल्याच प्रकरणात पूर्ण भरपाई केलेल्यांना ती का नसावी? सराईत ठगांना मुळीच नको. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रामबाग, इंदूर