ऑस्ट्रियाचं इटलीतलं दप्तर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "ऑस्ट्रियाने इटलीवर राज्य केलं म्हणजे रोज उठून नेमकं काय केलं?" हा तुझा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. आपल्या मनातला ऑस्ट्रिया इटलीच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या मॅझिनीकडून आलेला, आणि मॅझिनी सावरकरांच्या १९०७ सालच्या मराठी पुस्तकातून. त्यामुळे ऑस्ट्रिया म्हटलं की हेर, तुरुंग आणि फाशी. ते खोटं नाही. पण मॅझिनी जेनोवाचा, आणि जेनोवा १८१५ नंतर सार्डिनियाच्या राजाकडे होतं. १८३० साली त्याला सावोनाच्या किल्ल्यात डांबलं तेही त्याच राजाच्या सरकारने. ऑस्ट्रियाच्या कचेरीत कामकाज कसं चालायचं हे त्याच्याकडून कळणार नाही. म्हणून आज तुला शेतसाऱ्याच्या वाटेने आत नेतो. त्या राज्याची ताकद तिथे होती आणि ते फसलं कुठे हेही तिथूनच दिसतं.

आधी चौकट. नेपोलियन पडल्यावर ७ एप्रिल १८१५च्या फर्मानाने लोंबार्डी-व्हेनिशियाचं राज्य जाहीर झालं. राजा व्हिएन्नातला बादशहाच. मिलान आणि व्हेनिस अशी दोन सरकारं, प्रत्येकाला एक गव्हर्नर, मधे साधारण मिंचो नदीची सीमा. लोंबार्डीत ९ प्रांत, व्हेनिशियात ८. प्रांतावर डेलिगेट, त्याच्या हाताखाली जिल्ह्याचा कमिशनर आणि तळाला गाव. दोन्ही सरकारांवर व्हाइसरॉय म्हणून १८१८पासून १८४८पर्यंत आर्चड्यूक (बादशाही घराण्यातला राजपुत्र) रायनर. त्याची गोष्ट पुढे येईल. अधिकाराच्या मानाने त्याचा वाडा फार मोठा होता.

आता जमीन. मिलानच्या मुलखाची मोजणी १९व्या शतकातली नव्हे. व्हिएन्नाचा तेव्हाचा बादशहा सहावा चार्ल्स याने १७१८ साली त्यासाठी मंडळ नेमलं आणि १७२३पर्यंत शेतांची मोजणी उरकली. मारिनोनी नावाच्या गणितज्ञाने प्लेन टेबल वापरायचा आग्रह धरला. मोजणीदार तिपाईवर फळा सपाट बसवतो, पट्टीतून बांधावरची खूण पाहतो आणि रेघ तिथेच, शेतात उभ्याउभ्या कागदावर ओढतो. आधीच्या पद्धतीत आकडे वहीत टिपायचे आणि नकाशा घरी बसून काढायचा. चूक कळेपर्यंत माणसं पुढच्या गावी गेलेली असत. फळ्यावर मात्र शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळाली नाही, तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते. नकाशे १:२०००चे. प्रत्येक तुकड्याला नंबर, नंबरापुढे मालकाचं नाव, पीक, जमिनीची प्रत, क्षेत्र पेर्तिकांत (मिलानची एक पेर्तिका म्हणजे सुमारे ६५४ चौरस मीटर) आणि आकारणी स्कूदी या हिशेबी नाण्यात. तुतीची झाडंसुद्धा मोजली, कारण तुती म्हणजे रेशीम आणि लोंबार्डीचा पैसा रेशमात.

मग लढाया आल्या, जमीनदारांच्या तक्रारी आल्या, काम रखडलं. १७४९ साली चार्ल्सची मुलगी आणि वारस मारिया थेरेसा हिने पोम्पेओ नेरी या टस्कन कायदेपंडिताला आणलं, त्याने तक्रारी निकालात काढल्या आणि १ जानेवारी १७६०पासून आकारणी लागू झाली. खरी खुबी यापुढची आहे. आकारणी एकदा ठरली की गोठली. तू पाट काढलास, तुती लावलीस, उत्पन्न दुप्पट केलंस, तरी तुझ्या तुकड्याचे स्कूदी तेवढेच. दर वर्षी बदलायचा तो फक्त स्कूदीमागचा दर. आपल्याकडे विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापुरात १८३०च्या दशकात सुरू केलेल्या मोजणीत अशी हमी ३० वर्षांची होती. मिलानमध्ये तिला मुदतच नव्हती. लोंबार्डीच्या सखल भागात कालव्यांवर आणि गुरांवर इतका पैसा लागला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं माझं मत.

पण यातच घोळही होता. बेर्गामो आणि ब्रेशा १७९७पर्यंत व्हेनिसच्या राज्यात, त्यांची आकारणी जुनी आणि वेगळ्या हिशेबाची. १८१५ला दोन्ही एकाच सरकारात आले आणि सारख्या कसाच्या जमिनीवर जुन्या सीमेच्या अल्याड एक सारा, पल्याड दुसरा. तोड म्हणून नेपोलियनच्या काळात १८०७ साली सुरू झालेली नवी मोजणी ऑस्ट्रियाने पुढे नेली. तिची पेर्तिका १,००० चौरस मीटरची, नकाशे पुन्हा १:२०००चेच, पण आकारणी जमिनीच्या किमतीवर नाही तर निव्वळ वार्षिक उत्पन्नावर. ती व्हेनिशियात लागू व्हायला १८४०चं दशक उजाडलं आणि लोंबार्डीच्या पूर्व भागात त्याहून उशीर. तोवर लोक भांडत राहिले.

गावातला कारभार बघ. १७५५च्या सुधारणेतून आलेली 'कोन्व्होकातो' ही सभा ऑस्ट्रियाने १८१६ साली पुन्हा उभी केली. लहान गावात आकारणीच्या वहीत नाव असलेला प्रत्येक मालक सभासद, मग तुकडा कितीही लहान असो. बाईच्या नावावर जमीन असेल तर तिचंही मत, मात्र मुखत्यारामार्फत. सभा वर्षातून दोनदा. जानेवारी-फेब्रुवारीत गेल्या वर्षाचा हिशेब तपासायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाचा अंदाज मंजूर करायचा आणि तीन कारभारी निवडायचे. त्यांतला पहिला गावच्या तीन सर्वांत मोठ्या खातेदारांपैकीच हवा. कमिशनर समोर बसलेला असायचा आणि ठराव पक्का व्हायचा तो डेलिगेटची सही आल्यावर.

म्हणजे कर भरणाराच कर ठरवणारा. ऐकायला छान, पण गावाचा सगळा खर्च त्याच स्कूदीवर वरचा आकार म्हणून चढायचा. १८१८च्या शाळा नियमांनी ६ ते १२ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण मास्तरचा पगार गावाने द्यायचा. साहजिकच सभेत पहिली कात्री मास्तरच्या पगाराला. तरीही इटलीत लिहिता-वाचता येणारे लोंबार्डीत इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त होते, हे श्रेय द्यायला हवं. आणि वाटेकरी, मजूर यांना सभेत जागाच नाही. त्यांच्या वाट्याला खेड्यातल्या पुरुषांवरची डोईपट्टी आणि मिठाच्या मक्तेदारीची किंमत. मक्याच्या पोलेंटावर जगणाऱ्या, पेलाग्राने (नुसत्या मक्यावर जगण्यातून होणाऱ्या रोगाने) ग्रासलेल्या घरात मीठ महाग असणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. १८४८च्या वसंतात व्हेनिस स्वतंत्र झालं तेव्हा तिथला पुढारी मानिन याच्या सरकारने डोईपट्टी काढली आणि मीठ स्वस्त केलं, ते उगाच नाही.

आता वसुली. हा भाग मला सगळ्यांत पक्का वाटतो आणि सगळ्यांत कठोरही. १८ एप्रिल १८१६च्या फर्मानाने वसुली मक्त्याने द्यायची ठरली, मुदत तीन वर्षं. जो कमी टक्केवारीत काम करीन म्हणेल त्याला मक्ता. त्याने जामीन द्यायचा आणि हप्त्याच्या दिवशी ठरलेली पूर्ण रक्कम प्रांताच्या खजिनदाराकडे भरायची, वसूल झालेली असो वा नसो. गारपीट झाली, रेशमाचा किडा मेला, खातेदार पळून गेला, तरी मक्तेदाराने खिशातून भरायचे. मग तो थकबाकीदारावर दंड लावणार, आधी जंगम जप्त करणार आणि तेवढ्याने भागलं नाही तर जमीन लिलावात काढणार. सरकारच्या तिजोरीत पैसा घड्याळासारखा येत होता आणि लोकांच्या शिव्या गावातल्याच एका माणसाला बसत होत्या. डोंगराळ भागात, जिथे एकेकाकडे चार वाफ्यांचा तुकडा, तिथे ही पद्धत फार जाचली.

तुझा पुढचा प्रश्न: ऑस्ट्रियाने लूट केली का? इटालियन लेखक म्हणत, आमची लोकसंख्या साम्राज्याच्या मानाने थोडी आणि भरणा मात्र फार मोठा. भरणा जास्त होता हे खरं, पण हा मुलूखही साम्राज्यातला सर्वांत पिकाऊ. लुटीपेक्षा लोकांना जास्त टोचलं ते आपल्या पैशावर आपला शब्द चालत नाही हे.

कारण गाव सोडून वर गेलं की यंत्र अडकायचं. मिलान आणि व्हेनिसमध्ये एकेक केंद्रीय सभा होती. प्रत्येक प्रांतातून एक सरदार जमीनदार, एक साधा जमीनदार, शिवाय शाही शहरांचे प्रतिनिधी. निदान ४,००० स्कूदी आकारणीची जमीन हवी. नावं खालून वर जायची, निवड बादशहाची. सभेला कायदा करता येत नसे, फक्त लोकांच्या गरजा अर्जाने कळवता येत. रायनरसुद्धा बहुतेक बाबतीत कागद व्हिएन्नाला पाठवणारा. नेमणूक, बढती, जरा मोठा खर्च, सगळं तिकडच्या शेऱ्यावर अडलेलं. भाषा इटालियन होती, खालचे कारकून-न्यायाधीश इटालियन होते, पण पदवीधर पोराने कचेरीत वर्षानुवर्षं बिनपगारी उमेदवारी करायची आणि वरची खुर्ची बाहेरच्याला जाताना बघायची. मिलानच्या वकील-डॉक्टरांच्या पोरांना क्रांतिकारक करायला याहून वेगळं काही लागलं असेल असं मला वाटत नाही.

रेल्वेचं खापर मात्र सगळं व्हिएन्नावर फोडू नकोस. मिलान-व्हेनिस लाइनचा पादोव्हा-मेस्त्रे तुकडा डिसेंबर १८४२मध्ये सुरू झाला, खाडीवरचा २२२ कमानींचा पूल जानेवारी १८४६मध्ये, आणि पूर्ण लाइन १८५७मध्ये. मधली वर्षं गाडी बेर्गामोवरून न्यायची की सरळ त्रेव्हिल्योवरून यावर भागधारकच भांडत होते, आणि त्यात १८४८ची लढाई आली.

कायद्याचंही तसंच दुहेरी. ऑस्ट्रियाची दिवाणी संहिता १ जानेवारी १८१६पासून इथे लागू झाली. व्यवहारात ती स्वच्छ आणि लोकांना चालणारी. फौजदारीत मात्र तपास करणारा न्यायाधीशच सर्वेसर्वा, चौकशी बंद दाराआड, आरोपीला वकील नाही. लेखक सिल्व्हिओ पेलिको १८२०मध्ये पकडला गेला आणि १५ वर्षांची सजा घेऊन मोराव्हियातल्या श्पीलबर्गला गेला तो याच वाटेने.

सरकारचे नियम सरकारवरच उलटवण्याचा खेळ डिसेंबर १८४७मध्ये झाला. बेर्गामोचा प्रतिनिधी नाझारी याने लोंबार्डीच्या केंद्रीय सभेत अर्ज टाकला: लोक नाराज का आहेत हे तपासायला समिती नेमा. बस, एवढंच. पूर्ण कायदेशीर. जानेवारीत व्हेनिसला मानिनने तेच केलं आणि १८ जानेवारी १८४८ला तो आणि लेखक तोमासेओ तुरुंगात. इकडे मिलानमध्ये १ जानेवारीपासून लोकांनी तंबाखू सोडली, सरकारी लॉटरीही. तंबाखू सरकारी मक्तेदारी, म्हणजे विडी न ओढणं हा थेट तिजोरीवर घाव. ३ तारखेला शिपाई मुद्दाम चिरूट फुंकत रस्त्यावर उतरले, मारामारी झाली, माणसं मेली. मार्चमध्ये मिलानने पाच दिवस लढून ऑस्ट्रियाचा सेनापती राडेत्स्की याला शहराबाहेर काढलं. ऑगस्टमध्ये तो परत आला.

त्यानंतर दप्तराची जागा छावणीने घेतली. १८५० साली १२ कोटी लिरांचं कर्ज 'स्वेच्छेने' द्या असा हुकूम निघाला. त्याच वर्षी मॅझिनीनेही १ कोटी लिरांचे गुप्त कर्जरोखे काढले. १ जानेवारी १८५२ला मांतुआजवळ कास्तिल्योनेत पोलिसांनी लुईजी पेशी याच्या घराची झडती घेतली. संशय होता खोट्या ऑस्ट्रियन नोटांचा. सापडला मॅझिनीचा रोखा. हा पेशी कोण, तर गावचा करवसुलीचा मक्तेदार! ज्या पद्धतीने सरकारला ठरल्या दिवशी पैसा मिळत होता, तिच्यातला माणूस दुसऱ्या खजिन्याचा कागद घरात ठेवून होता. धागा पुढे पाद्री तात्सोलीपर्यंत गेला. त्याची जमाखर्चाची वही 'आमच्या स्वर्गातल्या बापा' या लॅटिन प्रार्थनेच्या अक्षरांवर बेतलेल्या सांकेतिक आकड्यांत होती. ती उलगडली आणि ७ डिसेंबर १८५२ला बेलफिओरेच्या मैदानात त्याच्यासह पाच जण फासावर गेले. लक्षात घे, पकडवलं ते हिशेब नीट ठेवण्याच्या सवयीने.

आणि १३ फेब्रुवारी १८५३ला, मिलानमधल्या एका फसलेल्या उठावानंतर, देश सोडून गेलेल्यांच्या जमिनी सरकारने जप्त केल्या. त्यांतल्या काहींनी रीतसर परवानगी घेऊन पिडमाँटचं, म्हणजे शेजारच्या सार्डिनियाच्या राजाच्या राज्याचं, नागरिकत्व घेतलेलं होतं. माझ्या मते हीच सर्वांत मोठी घोडचूक. या राज्याची पत ज्या वहीवर उभी होती, त्या वहीतलं मालकाचं नाव सरकारनेच बिनकिमतीचं केलं. डिसेंबर १८५६मध्ये जप्ती उठवली आणि पुढच्या वर्षी बादशहाचा भाऊ मॅक्सिमिलियन गव्हर्नर-जनरल झाला. माणूस भला, पण हातात अधिकार रायनरइतकेच.

१८५९ला लोंबार्डी गेली, १८६६ला व्हेनिशिया. पिडमाँटच्या २३ ऑक्टोबर १८५९च्या कायद्याने लोंबार्डीतली कोन्व्होकातो बंद झाली आणि जमीनमालक बायकांचं मुखत्यारी मतही गेलं. मक्त्याची वसुली मात्र नव्या राज्याला इतकी सोयीची वाटली की २० एप्रिल १८७१च्या कायद्याने ती सिसिलीपर्यंत साऱ्या इटलीला लावली. एकच मोजणी देशभर असावी हा कायदा व्हायला १८८६ साल लागलं. तोवर मिलानकडचा शेतकरी सहाव्या चार्ल्सच्या मोजणीदारांनी घातलेल्या नंबरांवरच सारा भरत होता.

किल्ल्यांचं, म्हणजे वेरोना-मांतुआ-पेस्किएरा-लेन्यागो या चौकोनाचं, वेगळं लिहितो. त्यात शिरलो असतो तर हे पत्र आज टपालात पडलं नसतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन