लिनक्ससह विकलेल्या लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर वारंवार कोसळण्याबाबत तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप विभाग

विषय : वायफायचा दोष, 'दोष आढळला नाही' असा चुकीचा शेरा आणि 'सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही' हे आपले उत्तर

महोदय,

आपल्या कंपनीचा लॅपटॉप मी १४ जून २०२५ रोजी आपल्याच संकेतस्थळावरून विकत घेतला. पाच महिन्यांत तो तीनदा सेवा केंद्रात जाऊन आला आणि तिन्ही वेळा होता तसाच परत आला. शेवटच्या जॉबशीटवर 'दोष आढळला नाही' असे लिहिले आहे. दोष आहे. तो कुठे आहे हे मी शोधून काढले आहे, आणि तो आपण बसवून दिलेल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे.

मी घरून दहावीच्या मुलांना गणित शिकवते, रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ. वर्गात अकरा मुले आहेत. त्यांतली चार शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमधून जोडली जातात. त्यांच्या घरी वायफाय नाही. वडिलांचा मोबाइल आणि दिवसाला मोजून मिळणारा डेटा, एवढ्यावर त्यांचा अभ्यास चालतो. माझ्याकडून वर्ग तुटला की ही मुले पुन्हा पुन्हा जोडून पाहतात, त्यात डेटा संपतो, आणि लॅपटॉप बंद करून, चालू करून मी परत येईपर्यंत ती गेलेली असतात. २२ ऑगस्टला वर्गसमीकरणाचे सूत्र पूर्ण वर्ग करून सिद्ध करत होते, तेव्हा नेमके हेच झाले. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या मुलीने विचारले, "बाई, चार एसी कुठून आले?" सूत्रातले 4ac येते ती पायरी तिला दिसलीच नव्हती. मी ती पुन्हा शिकवली, पण किती मुले न विचारता पुढे गेली असतील, याची मला रोज काळजी वाटते. फेब्रुवारीत त्यांची बोर्डाची परीक्षा आहे.

मी चौदा वर्षे एका शाळेची संगणक प्रयोगशाळा सांभाळली. तिथली सगळी यंत्रे विंडोजऐवजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर चालायची, म्हणून नवा लॅपटॉपही लिनक्सचाच हवा होता. आपल्या पानावर 'लिनक्स बसवलेला, पूर्ण तपासलेला' असे लिहिले होते, ते वाचून मी पैसे भरले. कोरा लॅपटॉप घेऊन स्वतः लिनक्स बसवले असते तर ही तक्रार मी आपल्याकडे आणली नसती.

आता प्रत्यक्ष काय होते ते. लॅपटॉपचे झाकण उघडले की पहिल्या दोन-तीन मिनिटांत वायफाय जाते. वरच्या पट्टीतले चिन्ह तसेच राहते, पण काही उघडत नाही. वायफाय बंद करून चालू करायला गेले तर बटण फिरतच राहते. टर्मिनलवर (कमांड लिहायच्या खिडकीत) पाहिले तर वायफाय सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरची प्रक्रिया 'डी' अवस्थेत अडकलेली असते; या अवस्थेतली प्रक्रिया किल मायनस नऊ या बळजबरीने बंद करणाऱ्या कमांडनेसुद्धा मरत नाही, कारण ती कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, आत कशाची तरी वाट बघत असते. शटडाउन दिले तर पडद्यावर दीड मिनिटाचा आकडा चालू होतो, तो संपतो आणि पुन्हा सुरू होतो. शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. असे करताना दोनदा मुलांच्या गुणांची फाइल बिघडली.

सेवा केंद्राने पहिल्याच भेटीत राउटरवर बोट ठेवले होते. म्हणून १ ऑगस्टपासून मी वही घातली आणि प्रत्येक वेळ लिहून काढली. ३० सप्टेंबरपर्यंतच्या ६१ दिवसांत वायफाय ४७ वेळा कोसळले. त्यांतल्या ३८ वेळा झाकण नुकतेच उघडलेले होते. उरलेल्या ९ वेळा मी लॅपटॉप घेऊन दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेले होते, जिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींमुळे पडतो आणि जोडणी २.४ गिगाहर्ट्झवर जाते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावे दिल्यावर हा दुसरा प्रकार बंद झाला. झाकणाचा प्रकार मात्र शेजाऱ्यांच्या राउटरवर झाला, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झाला, आणि ऐरोलीला बहिणीच्या घरी वेगळ्याच कंपनीच्या इंटरनेटवरही झाला. घरातले बाकीचे तीन फोन आणि जुना लॅपटॉप आमच्याच राउटरवर या सगळ्या काळात एकदाही तुटले नाहीत.

यानंतर मी लॉग, म्हणजे सिस्टम स्वतः ठेवते त्या नोंदी, वाचायला घेतले. त्या दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये प्रत्येक वेळी तीच नोंद आहे : कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स. म्हणजे ड्रायव्हर मेमरीत अशा पत्त्यावर वाचायला गेला जिथे काही ठेवलेलेच नव्हते. त्याखालच्या कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत, सर्वांत वरचे नाव दर वेळी एकाच फंक्शनचे आहे, आणि ते फंक्शन आपल्या वायफाय मॉड्यूलमधले, म्हणजे कर्नलमध्ये चढवल्या जाणाऱ्या ड्रायव्हरमधले आहे. मी वायफायची पॉवर सेव्ह बंद करून पाहिली, फरक पडला नाही. लॅपटॉप झोपण्याआधी (स्लीपमध्ये जाण्याआधी) मॉड्यूल काढायचे आणि जाग आल्यावर पुन्हा चढवायचे अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा बरेच दिवस सुरळीत गेले. पण कधीकधी 'मॉड्यूल वापरात आहे' म्हणून ते निघत नाही, मग लॅपटॉप झोपतच नाही. एकदा तो तसाच पिशवीत राहिला आणि ठाण्याहून वाशीला पोचेपर्यंत हात लावता येईना इतका तापला. तो उपाय मी सोडून दिला.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे हे मला एका वेगळ्याच गोष्टीवरून कळले. सिस्टम अपडेट करताना दर वेळी 'पुढील पॅकेजेस मागे ठेवली आहेत' असा संदेश यायचा. पाहिले तर आपण कर्नलच्या पॅकेजवर 'होल्ड', म्हणजे अपडेट रोखणारी खूण, लावून लॅपटॉप पाठवला आहे. त्यातली सिस्टम डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या १२ व्या आवृत्तीवर आधारलेली असून कर्नल ६.१ मालिकेतला आहे, आणि जूनमध्ये ज्या उपआवृत्तीवर होता तिथेच आजही खिळलेला आहे. मी होल्ड काढून त्याच मालिकेतली नवी सुरक्षा आवृत्ती घातली, तर वायफाय दिसेनासेच झाले. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले, तेव्हा कुठे जुन्या कर्नलवर मागे येता आले.

कारण असे : हे वायफाय कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलचा स्वतःचा नाही. आपण बाहेरून आणलेला, त्या एकाच कर्नलसाठी आधीच बांधलेला मॉड्यूल बसवला आहे. तो दुसऱ्या कर्नलवर चढत नाही, म्हणून आपण कर्नललाच खिळा ठोकला. मॉड्यूलवर डिजिटल सही नाही, म्हणून सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारे सिक्युअर बूटही बंद करून दिले आहे. कर्नल बूट होताच लॉगमध्ये स्वतःच नोंद करतो की बाहेरचा मॉड्यूल चढवल्यामुळे तो आता 'टेंटेड' (डागाळलेला) आहे, आणि अशा कर्नलचा दोष कर्नलच्या विकसकांकडे नेला की ते आधी तो मॉड्यूल काढून पुन्हा तपासायला सांगतात. म्हणजे माझी तक्रार ऐकायला आपल्याशिवाय कोणीही नाही.

लिनक्सवर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना हे नवीन नसणार. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांना दिलेली जोडणी (इंटरफेस) मोडायची नाही हा तिथला कडक नियम आहे, पण ड्रायव्हरांसाठीची आतली जोडणी बदलत राहील, हे कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिले आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे, त्याच्यात ती दुरुस्ती बदल करणाराच करून देतो. जो बाहेर आहे, तो त्याच्या मालकाने सांभाळायचा असतो. ६.१ आला डिसेंबर २०२२ मध्ये. तेव्हा या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता आणि आपल्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करते. पण पुढे तो मूळ कर्नलमध्ये आला. माझा लॅपटॉप विकला गेला २०२५ च्या जूनमध्ये. मधल्या काळात आपल्याकडे कोणीही ही चिप नव्या ड्रायव्हरवर चालवून पाहिली नाही का?

मी पाहिली. दिवाळीच्या सुट्टीत बाहेरच्या एसएसडीवर डेबियन १३ बसवले. त्यात कर्नल ६.१२ आहे आणि या चिपला लागणारे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) हेही सोबत येते. वायफाय काही न करता चालू झाले. नऊ दिवसांत मी झाकण १२० वेळा मिटून उघडले, घरभर फिरले, राउटरचे दोन्ही बँड पुन्हा एका नावाखाली आणले. एकदाही कोसळले नाही. कार्ड चांगले आहे, अँटेना चांगली आहे, राउटर चांगला आहे. सिक्युअर बूट चालू करूनही पाहिले, तरी वायफाय चालले.

आता सेवा केंद्राबद्दल. वागळे इस्टेटमधल्या आपल्या अधिकृत केंद्रात मी पहिल्यांदा १९ जुलैला गेले. राउटर बदला, असे सांगून त्यांनी पंधरा मिनिटांत परत पाठवले. दुसऱ्यांदा, ३ सप्टेंबरला, लॅपटॉप ठेवून घेतला आणि मला न विचारता सगळी सिस्टम नव्याने चढवून दिली. वहीसोबत लॉगची प्रत मी पेनड्राइव्हवर ठेवली नसती तर सगळा पुरावा त्या दिवशी गेला असता. तिसऱ्यांदा, ६ नोव्हेंबरला, मी लॉग छापून नेले. काउंटरवरच्या मुलाने ते हातात घेतले नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, लिनक्स असंच असतं. विंडोज टाकून घ्या, प्रश्नच मिटला." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला हे कोणी शिकवलेले नाही, आणि तपासायला दिलेल्या यादीत लिनक्सचे नावही नसावे. पण 'दोष आढळला नाही' असे लिहून त्याने सही केली, आणि त्याच सहीच्या आधारावर आपल्या कार्यालयाने ११ नोव्हेंबरला मला कळवले की सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही आणि मी दुसरी सिस्टम बसवली तर उरलेली वॉरंटीही राहणार नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. आपण बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे, ते काढले तर वॉरंटी जाते, आणि ठेवले तर वायफाय जाते. लिनक्स ही आपण विकलेल्या वस्तूचा भाग होती, जाहिरातीत तिचे नाव होते, आणि मी तिच्यासाठीच हे मॉडेल निवडले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतील दोषाची व्याख्या करताना विक्रेत्याने ज्या गुणवत्तेचा दावा केला तीही धरली आहे.

माझी मागणी पैसे परत मिळण्याची नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड, पडदा, बॅटरी उत्तम आहे आणि मला तो वापरायचा आहे. मला सर्वांत आधी हवे आहे ते आपले लेखी पत्र, की मी डेबियन १३ किंवा मूळ कर्नलचा ड्रायव्हर असलेली कोणतीही सिस्टम बसवली तरी वॉरंटी कायम राहील. हे आपण उद्या देऊ शकता, त्याला एक रुपया लागत नाही. त्यानंतर आपण स्वतः असे अपडेट काढावे, ज्याने बाहेरचा मॉड्यूल निघेल, कर्नलवरचा होल्ड सुटेल आणि सिक्युअर बूट चालू करता येईल. हे मॉडेल घेणारी मी एकटी नाही. कर्नलचे सुरक्षा अपडेट थांबलेले आहेत हे बाकीच्यांना कोणीच सांगितलेले नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांना 'मागे ठेवली आहेत' या ओळीचा अर्थ कळणार नाही. त्यांना ईमेल करून कळवणे आपले काम आहे. ६ नोव्हेंबरच्या जॉबशीटवरचा शेराही दुरुस्त करून मिळावा.

आणखी एक. मॉडइन्फो या कमांडने पाहिले तर आपल्या मॉड्यूलचा परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना, असा दिसतो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या तिसऱ्या कलमाप्रमाणे असा बांधलेला प्रोग्रॅम देणाऱ्याने त्याचा सोर्स कोड सोबत द्यायचा असतो, किंवा किमान तीन वर्षे टिकणारा लेखी प्रस्ताव द्यायचा असतो. खोक्यात दोन्हीपैकी काही नव्हते. तो कोड मला द्यावा. चूक झाकण उघडताना नेमकी कुठल्या ओळीत होते हे मला आणि माझ्यासारख्या इतरांना बघता येईल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. डिसेंबरात सराव परीक्षा सुरू होतात, त्यामुळे मला याहून जास्त थांबता येणार नाही. उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज देईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची सोय कायद्याने केली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही. ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. आपल्या अभियंत्यांपैकी कोणी माझ्याशी अर्धा तास बोलले तर मी सगळे लॉग त्यांच्यासमोर उघडून दाखवीन. फक्त फोन सकाळी करावा. संध्याकाळी साडेसहा ते आठ वर्ग असतो.

आपली,
पावतीवरील ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, तिन्ही जॉबशीट, १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबरच्या नोंदवहीच्या प्रती, कर्नल लॉगचा पेनड्राइव्ह, ११ नोव्हेंबरच्या ईमेलची छापील प्रत