इरईचे ओरखडे आणि विस्कॉन्सिनची पिवळी पट्टी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूरची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, आणि सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलीये. तुमचा पेपर इथेही रोज सकाळी मोबाईलवर वाचते. पत्र लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण मागच्या रविवारी जे पाहिलं त्यानंतर राहवेना. पत्र आहे आपल्या चंद्रपूरजवळच्या इरई गावातल्या एका खडकाबद्दल, पण सुरुवात इथल्या जंगलापासून करते.

लेक-जावई मिलवॉकीजवळ राहतात. तिथून तासाभरावर केटल मोरेन नावाचं जंगल आहे, आजूबाजूला सगळी खेडी, मक्याची शेतं, गायींचे मोठे लाल गोठे. त्या जंगलातून एक पायवाट जाते, तिचं नावच आइस एज ट्रेल, म्हणजे हिमयुगाची वाट. झाडांवर पिवळी पट्टी मारलेली असते, ती बघत चालायचं, बाकी काही नाही. ना तिकीट खिडकी, ना गाईड. आणि ही वाट थोडीथोडकी नाही, संपूर्ण राज्यातून वाकडीतिकडी जवळपास १९०० किलोमीटर आहे! अजून सगळी पूर्ण झालेली नाही, जवळजवळ अर्धं अंतर मधल्या गावरस्त्यांनी जोडून घ्यावं लागतं, पण शेवटच्या हिमकाळात बर्फ जिथपर्यंत येऊन थांबला त्या कडेकडेनेच ती बरीचशी जाते. त्या हिमकाळाला उत्तर अमेरिकेत नावच विस्कॉन्सिनचं दिलंय, इतक्या त्याच्या खुणा इथे स्पष्ट आहेत.

मी तीस वर्षं सातवी-आठवी-नववीला हिमनदीचं कार्य शिकवलं. हिमोढ (बर्फाने आणून टाकलेला दगडगाळ), हिमोढगिरी, हिमोढ कटक, मेषशिला, अशी बर्फाने घडवलेली भूरूपं, फळ्यावर आकृत्या काढल्या, मुलांकडून पाठ करून घेतल्या, पण स्वतः एकही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हिमोढ कटकावरून, म्हणजे इथे एस्कर म्हणतात त्याच्यावरून, मी प्रत्यक्ष चालले. दोन्ही बाजूला उतार आणि मधून सापासारखा वळत गेलेला वाळू-गोट्यांचा लांबच लांब बांध, कुणी मुद्दाम घातल्यासारखा. बर्फाच्या खाली बोगद्यातून नदी वाहायची, तिने आणलेला गाळ बोगद्यातच साचला, मग बर्फ वितळला आणि नदीचा तळ डोंगरासारखा वर राहिला. मी उभी राहिले आणि डोळ्यात पाणीच आलं हो.

केटल म्हणजे खोल वाटीसारखा खड्डा. बर्फाचा भलामोठा तुकडा गाळात गाडला गेला, वर माती-दगड साचले, मग आतला बर्फ हळूहळू वितळला आणि वरची जमीन खाली बसली. असे खड्डे इथे जागोजागी आहेत, कुठे कोरडे, कुठे तळं झालेले. आम्ही एका खड्ड्यात उतरलो तर खाली हवा एकदम गार लागली. पूर्वेकडून एक बर्फाची जीभ आणि पश्चिमेकडून दुसरी, दोघींच्या मधल्या फटीत गाळ साचून ही टेकड्यांची रांग झाली, असं तिथल्या फलकावर सोप्या भाषेत लिहिलंय. नातवाने ते मला वाचून दाखवलं आणि मी त्याला दोन्ही हातांच्या तळव्यांमधे ओली माती धरून दाबून दाखवली, त्याला लगेच कळलं. शेतांच्या कडेला गोल गोटे रचून ठेवलेले दिसतात, आपल्याकडे बांधावर दगड टाकतात तसेच, फक्त यातले बरेच दगड बर्फाने पार उत्तरेकडून वाहून आणलेत.

त्याआधी पश्चिमेच्या टोकाला सेंट क्रॉय नदीवरही लेकीने नेलं होतं. तिथे काळ्या बेसॉल्टमधे रांजणखळगे, म्हणजे पाण्याने खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे आहेत, अगदी आपल्या निघोजच्या कुकडी नदीतल्यासारखे! फक्त इथले बर्फ वितळलेल्या पाण्याच्या प्रचंड लोंढ्याने कोरलेत आणि काही तर निघोजपेक्षा खूपच खोल.

आता मुख्य मुद्दा. वर्गात एकदा एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, आपल्याकडे कधी बर्फ होता का?" मी म्हटलं, नाही रे, हिमालयात असतो, आपल्याकडे कुठून येणार. चुकीचं सांगितलं मी. इथे फिरून आल्यावर रात्री जावयाच्या लॅपटॉपवर वाचत बसले तेव्हा कळलं की आपल्याच चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठी इरई गावी (इरई धरण नव्हे, गाव), चुनखडीच्या खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने ते १८७५ सालीच लिहून ठेवलंय, आणि १९६३ मधे त्यावर पुन्हा शोधनिबंध आलाय. बर्फात अडकलेले दगड खडकावरून घासत गेले की सँडपेपरसारखा खडक गुळगुळीत होतो आणि समांतर रेघा उमटतात, तेच हे ओरखडे. हा बर्फ विस्कॉन्सिनसारखा अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी संपलेला नाही, तो साधारण २९-३० कोटी वर्षांपूर्वीचा, आपला भूभाग तेव्हा गोंडवना नावाच्या प्राचीन महाखंडाचा तुकडा होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. तो बर्फ गेला, मग दलदल आली, जंगलं आली, ती गाडली गेली आणि त्याचाच कोळसा झाला. म्हणजे ज्या कोळशावर आपलं चंद्रपूर उभं आहे त्याच्या खालच्या थरात बर्फाची गोष्ट आहे आणि आम्ही ती एकाही पोराला सांगितली नाही!

विस्कॉन्सिनमधे ही वाट सरकारने आपणहून नाही आणली. मिलवॉकीच्या रे झिल्मर नावाच्या वकिलाने १९५० च्या दशकात या हिमखुणा जपा म्हणून आवाज उठवला, त्यातून १९८० मधे या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. आजही वाटेवरचं गवत कापणं, फळकुटांचे पूल बांधणं, पट्ट्या रंगवणं हे बरंच काम गावातली स्वयंसेवक मंडळी करतात, आणि काही ठिकाणी वाट शेतकऱ्याच्या खासगी जमिनीतून त्याच्या परवानगीने जाते. आपल्याकडे हे जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला डायनासोर काळातल्या जीवाश्मांचं पार्क झालंच ना.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला माझी विनंती आहे, फार काही नको, इरईला मराठीत एक नीट फलक लावा, गावकऱ्यांना विश्वासात घेऊन नदीकाठाने दोन-तीन किलोमीटरची पायवाट आखा, आणि त्या खडकाला संरक्षण द्या. चुनखडी म्हणजे सिमेंटचा कच्चा माल, आपल्या जिल्ह्यात तिला किती मागणी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, खडक एकदा फुटला की तो ओरखडा परत येत नाही. गावातल्याच पाच-सहा पोरापोरींना माहिती सांगायला तयार करा, आजूबाजूच्या शाळांची एक-एक सहल तिकडे जाऊ द्या. शिकवायचं काम मी फुकट करेन, नोव्हेंबरात परत आले की पहिली इरईलाच जाणार आहे.

आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा आता चाळिशीचा असेल, तो जर हा पेपर वाचत असेल तर त्याला एवढंच सांगायचंय: हो रे बाळा, होता आपल्याकडे बर्फ.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, चंद्रपूर
(सध्या मुक्काम विस्कॉन्सिन)