आकडा पाहू नका, रिपोर्ट वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे "सर, प्लॅगरिझम किती येते ते पाहून द्या ना" हे कायमच ऐकतो, म्हणजे थिसिस-पेपर सॉफ्टवेअरमध्ये टाकून किती टक्के मजकूर उचललेला आहे ते सांगा. लोकांना आकडाच पाहिजे, दहा टक्क्यांच्या खाली आला की खुश, वर गेला की तोंड पडलेलं.

पण राजेहो, ते सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही, सारखा मजकूर दाखवते फक्त. चांगल्या जर्नलकडे पेपर गेला की ते आधी आयथेंटिकेट नावाच्या असल्याच सॉफ्टवेअरमधून काढतात, आधी छापलेल्या लेखांशी आणि इंटरनेटवरच्या मजकुराशी जुळवणी होते, मग संपादकाने रिपोर्ट उघडून कुठला रंगवलेला भाग कुठून आला ते वाचायचं असते. पंचवीस टक्क्यांत नुसती संदर्भसूची अन पद्धतीची ठरलेली वाक्यं असू शकतात आणि आठ टक्क्यांत कोणाचे तरी निष्कर्ष जसेच्या तसे उचललेले असू शकतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात थिसिससाठी १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ४० पर्यंत असेल तर ६ महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, ६० पर्यंत वर्षभर थांबा, त्याच्यावर नोंदणी रद्द, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच नियमात संदर्भसूची, अनुक्रमणिका, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजू नका असंही आहे, ते कोणी वाचतच नाही.

मराठीतल्या पेपरची तर वेगळीच गंमत. जुना थिसिस श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असला की कॉम्प्युटरला ती सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, मग त्यातलं प्रकरणच्या प्रकरण युनिकोडमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत) उतरवलं तरी जुळणार कशाशी? इंग्रजीतून भाषांतर करून घेतलेलंही बहुतेक वेळा सुटून जाते. आणि तालुक्याला पैसे घेऊन "टक्के कमी करून" देणारे आहेतच, ते "शेतकरी आत्महत्या"चं "कृषकांचे आत्महनन" करून देतात अन असलं वाचून गाइड सही कशी करतात, हा माझा खरा प्रश्न आहे.

म्हणून विद्यापीठांनी आणि जर्नलवाल्यांनी पूर्ण रिपोर्ट मागावा, तो विषयातल्या माणसानेच वाचावा, आणि मराठी थिसिस युनिकोडशिवाय घेऊच नये. सध्या आमच्याकडे बरेच जण पहिलंच पान जोडतात, आतली पानं मागितली की म्हणतात, सर, आकडा तर आहे ना त्याच्यावर.

– एक ग्रंथपाल, जि. यवतमाळ